कर्ता कोण? वनस्पतींच्या अंतरंगातील कवके आणि त्यांची द्रव्ये

वनस्पतिजन्य औषधांविषयीच्या लिखाणात एक वाक्य वारंवार आढळते : 'अमुक वनस्पती अमुक द्रव्य तयार करते.' वाक्य कर्तरी प्रयोगातील आहे आणि त्यातील कर्त्याविषयी वाचकाच्या मनात काही शंका उरत नाही. साल वाटली, अर्क काढला, अर्कात द्रव्य मिळाले. तेव्हा ते त्या झाडानेच केले असणार, हे अनुमान इतके सहज होते की ते अनुमान आहे हेच ध्यानात राहत नाही. वस्तुतः प्रयोगाने सिद्ध झालेले विधान एवढेच असते की, ते द्रव्य त्या सालीत आढळले. 'आढळते' आणि 'तयार करते' ह्या दोन क्रियापदांमध्ये बरेच अंतर आहे. कारण साल ही केवळ झाडाची नसते. बाह्यतः पूर्ण निरोगी दिसणाऱ्या झाडाच्या पानांत, खोडात, मुळांत आणि कित्येकदा बीजातही कवकांचे सूक्ष्म तंतू राहत असतात. त्यांच्यामुळे झाडास रोग होत नाही, डाग पडत नाहीत, पान वाळत नाही. म्हणूनच त्यांचे अस्तित्व दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले.

ह्या कवकांना पाश्चात्त्य भाषांत 'एंडोफाइट' म्हणतात. जर्मन कवकशास्त्रज्ञ हाइन्रिख अँटोन दे बारी ह्याने १८६६ मध्ये वनस्पतींच्या पृष्ठभागावर वाढणाऱ्या आणि त्यांच्या आत वाढणाऱ्या कवकांत भेद केला, तेथपासून ही संज्ञा रूढ झाली. ग्रीक घटकांप्रमाणे तिचा अर्थ 'आतील वनस्पती' असा होतो. त्या काळी कवकांची गणना वनस्पतींतच होत असे, त्यामुळे नाव योग्यच होते. पुढे कवकांचे वेगळे सृष्टीविभागात स्थानांतर झाले, परंतु नाव मागे राहिले. मराठीत मूळ संज्ञेचे शब्दशः भाषांतर करून ही चूक नव्याने ओढवून घेण्याचे काहीच कारण नाही. 'अंतर्वासी कवक' एवढे म्हटले की काम भागते.

ही कवके मिळविण्याची रीत साधी आहे. पानाचा अथवा सालीचा तुकडा अल्कोहॉल आणि सोडियम हायपोक्लोराइट ह्यांच्या द्रावणांत ठरावीक वेळ बुडवितात, म्हणजे पृष्ठभागावरील जंतू मरतात. मग तो कापून आगरयुक्त पोषक माध्यमावर ठेवतात. काही दिवसांनी कापलेल्या कडेतून जे तंतू बाहेर येतात, ते आतून आलेले होत. ह्या रीतीला एक मर्यादा आहे : माध्यमावर जे वाढत नाही, ते तिच्या हिशेबी नसतेच.

आतील भाडेकरू एखादे द्रव्य बनवितो आणि घरमालकाचे नाव होते, ह्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण औषधांच्या क्षेत्रातील नसून गुरांच्या कुरणातील आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात १९३१ मध्ये ई. एन. फर्गस ह्या कृषितज्ज्ञास डोंगरउतारावरील एका शेतात उंच फेस्क्यू जातीचे गवत अतिशय जोमदार वाढलेले आढळले. त्याच्या बियांपासून तयार झालेला 'केंटकी ३१' हा वाण १९४३ मध्ये शेतकऱ्यांना देण्यात आला. तो अवर्षणात टिकतो, किडीला दाद देत नाही, जनावरांनी खुडून खाल्ला तरी पुन्हा फुटतो, अशी त्याची ख्याती झाली आणि अमेरिकेच्या आग्नेय भागात लक्षावधी एकर जमीन त्याच्याखाली आली. परंतु त्यावर चरणाऱ्या गुरांची प्रकृती मात्र सुधारेना. उन्हाळ्यात ती धापा टाकीत, वजन भरत नसे. थंडीत काहींचे खूर झडत, शेपटीची टोके गळून पडत. घोड्या व्यायल्या तरी त्यांना दूध येत नसे. गवताचे रासायनिक पृथक्करण वर्षानुवर्षे झाले, पण दोष कोठे आहे ते कळेना. लक्षणे मात्र ओळखीची होती. राय धान्यावर वाढणाऱ्या अरगट नावाच्या कवकाने दूषित झालेला दाणा खाल्ल्यास माणसांचे आणि जनावरांचे अवयव असेच सडतात, हे युरोपात शतकानुशतके माहीत होते. तथापि फेस्क्यूच्या कणसांवर अरगट दिसत नसे.

१९७७ मध्ये जॉर्जिया राज्यातील चार्ल्स बेकन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी बाधक कुरणांतील गवताच्या खोडाचा गाभा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशी आणि पेशी ह्यांमधील जागेत कवकाचे तंतू लांबच्या लांब पसरलेले होते. हे कवक गवताच्या बाहेर कधी डोकावत नाही. ते बीजात शिरते आणि बीजाबरोबर पुढील पिढीत जाते. फर्गसने जोमदार गवताचे बी गोळा केले, तेव्हा त्याने नकळत कवकही गोळा केले होते. ह्या कवकाच्या नावाचा इतिहासही मोठा बोधक आहे. प्रथम त्यास एपिक्लोई टायफिना समजण्यात आले, १९८२ मध्ये ते ॲक्रेमोनियम, १९९६ मध्ये निओटायफोडियम आणि २०१४ मध्ये पुन्हा एपिक्लोई ह्या प्रजातीत गेले. आज त्याचे नाव एपिक्लोई सीनोफियाला आहे. ह्या विषयावरील जुने लेख वाचणाऱ्या विद्यार्थ्याने ही चारही नावे एकाच जीवाची मानली नाहीत, तर त्याचा गोंधळ ठरलेला आहे.

येथे कर्ता ठरविणे शक्य झाले ते एका भाग्यवान योगायोगाने. बी वर्ष-दोन वर्षे साठवून ठेवले की आतील कवक मरते, परंतु बी जिवंत राहते. तेव्हा तेच गवत कवकासह आणि कवकावाचून अशा दोन्ही स्थितींत लावून पाहता येते. कवकरहित गवतात अरगटाच्या जातीची अल्कलॉइडे, विशेषतः एर्गोव्हॅलिन, आढळली नाहीत आणि त्यावर चरलेली गुरे धडधाकट राहिली. म्हणजे विष गवताचे नव्हे, कवकाचे. शेतकऱ्यांनी साहजिकच कवकरहित बी पेरले. पुढे जे घडले ते अधिक विचार करण्यासारखे आहे : ते गवत अवर्षणात आणि चराईखाली टिकेना, किडीने खाल्ले जाऊ लागले. केंटकी ३१ चे जे गुण म्हणून वाखाणले गेले होते, त्यांतील बरेच कवकाच्या कृपेचे होते. कवक एकच विष बनवीत नाही. त्याची लोलिन आणि पेरॅमिन ही अल्कलॉइडे किडींना दूर ठेवतात. एर्गोव्हॅलिन सस्तन प्राण्यांना बाधते. हा भेद ध्यानात आल्यावर एर्गोव्हॅलिन न बनविणारे, पण किडींना रोखणारे नैसर्गिक कवकवाण शोधून ते गवतात घालण्यात आले, आणि अशा गवताचे बी २००० च्या सुमारास बाजारात आले. न्यूझीलंडमध्ये राय-गवत खाऊन मेंढ्यांना झोकांड्या जाण्याचा जो रोग होतो, त्याचे मूळही १९८१ मध्ये अशाच कवकात आणि त्याच्या लोलिट्रेम बी ह्या द्रव्यात सापडले. तेथेही उपाय कवक काढून टाकण्याचा नव्हता, बदलण्याचा होता.

दुसरे उदाहरण रताळ्याच्या कुळातील वेलींचे आहे. स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट होफमन ह्याने १९६० मध्ये मेक्सिकोतील आदिवासींच्या धार्मिक विधींत वापरल्या जाणाऱ्या ओलोलिउकी नावाच्या बियांत अरगटाची अल्कलॉइडे सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा श्रोत्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. अशी अल्कलॉइडे तोवर केवळ कवकांतच माहीत होती. कवकांपासून इतक्या दूरच्या फुलझाडात ती असावीत, हे वर्गीकरणाच्या विरुद्ध होते. होफमनची प्रयोगशाळा अरगटाच्या कामासाठी प्रसिद्ध असल्याने तेथील भांड्यांतूनच ती मिसळली असावीत, अशीही शंका घेण्यात आली. पृथक्करण बरोबर होते हे पुढे इतरांनी दाखविले आणि मग उलट टोकाचे मत रूढ झाले : ही अल्कलॉइडे कवकेही बनवितात आणि फुलझाडेही बनवितात. हे मत पाठ्यपुस्तकांत चाळीसएक वर्षे नांदले.

२००४ मध्ये जर्मनीतील बॉन येथील संशोधकांनी आयपोमिया असारिफोलिया ह्या वेलीवर कवकनाशक वापरून पाहिले. पानांवरील एक अलक्षित कवक नाहीसे झाले आणि त्याबरोबर अल्कलॉइडेही नाहीशी झाली. अल्कलॉइडाच्या निर्मितीतील पहिल्या पायरीचे जनुक वेलीत नसून कवकात असल्याचेही दाखविण्यात आले. हे कवक पानाच्या तेलग्रंथींभोवती वाढते, म्हणून २०११ मध्ये त्याच्या प्रजातीस पेरिग्लँडुला असे नाव मिळाले. काटेकोरपणे पाहता त्यास अंतर्वासी म्हणावे की पृष्ठवासी, हा वाद होऊ शकेल. पण ते बीजाबरोबर पुढे जाते आणि त्याची द्रव्ये वेलीच्या ऊतकांत साठतात. बागांत लावल्या जाणाऱ्या आयपोमिया ट्रायकलर ह्या वेलीतही अशी अल्कलॉइडे असतात. तिच्यातील कवक मात्र हाती लागत नव्हते. ते अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात सापडून २०२५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्यास 'क्लँडेस्टिना', म्हणजे लपून राहिलेली, हे सार्थ नाव देण्यात आले. म्हणजे १९६० मध्ये ज्यांनी शंका घेतली, त्यांचा तर्क अर्धा बरोबर होता : अल्कलॉइडे कवकाचीच होती, फक्त ते कवक प्रयोगशाळेतील नव्हते.

ह्या दोन यशांमुळे एक अपेक्षा निर्माण झाली, आणि तिच्याविषयी अधिक सावधपणे बोलणे आवश्यक आहे. जर झाडाचे म्हणून समजले जाणारे औषधी द्रव्य त्याच्यातील कवकच बनवीत असेल, तर झाड तोडण्याचे प्रयोजन काय? पेनिसिलिनप्रमाणे मोठमोठ्या टाक्यांत कवक वाढवावे आणि हवे तेवढे द्रव्य काढावे. कर्करोगावरील दोन औषधांच्या बाबतीत ही अपेक्षा फार तीव्र होती. पहिले टॅक्सॉल आणि दुसरे कॅम्प्टोथेसिन. योगायोग असा की दोहोंच्या शोधामागे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील मन्रो वॉल आणि मनसुख वाणी हेच दोन संशोधक होते. पैकी वाणी हे मूळचे नंदुरबारचे आणि मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. कॅम्प्टोथेसिनची संरचना त्यांनी १९६६ मध्ये आणि टॅक्सॉलची १९७१ मध्ये प्रसिद्ध केली.

टॅक्सॉल मिळत असे ते पॅसिफिक किनाऱ्यावरील यू ह्या मंद गतीने वाढणाऱ्या झाडाच्या सालीतून. एक किलो द्रव्यासाठी सुमारे दहा हजार किलो साल लागे आणि साल सोलली की झाड मरते. १९९२ च्या अखेरीस बीजाशयाच्या कर्करोगासाठी ह्या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा रुग्णांचे प्राण आणि जंगलातील झाडे ह्यांचा थेट विरोध उभा राहिला होता. हिमालयातील यूची स्थितीही निराळी नव्हती. त्याची पाने बाजारात तालीसपत्र म्हणून आधीपासून विकली जात होतीच (ह्याच नावाने देवदाराच्या नात्यातील एका वेगळ्याच झाडाची पानेही विकली जातात, आणि एका नावाखालील दोन वस्तूंचा हा घोटाळा फार जुना आहे). मागणी वाढल्यावर त्या झाडांची इतकी तोड झाली की १९९५ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आणावा लागला.

अशा वेळी, १९९३ मध्ये, अँड्रिया स्टीअर्ल, गॅरी स्ट्रोबेल आणि डोनाल्ड स्टीअर्ल ह्यांनी 'सायन्स' नियतकालिकात जाहीर केले की, मोंटाना राज्यातील एका यूच्या सालीतून मिळालेले कवक स्वतंत्रपणे टॅक्सॉल बनविते. त्यांनी त्यास टॅक्सोमायसिस अँड्रियानी असे नाव दिले. मिळालेले प्रमाण होते एका लिटरमागे २४ ते ५० नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग; म्हणजे ह्या गतीने एक ग्रॅम टॅक्सॉल मिळविण्यासाठी दोन कोटी लिटरांहून अधिक द्रव लागले असते. लेखकांना हे माहीत होते. प्रमाण वाढविता येईल अशी त्यांची आशा होती. त्यानंतर टॅक्सॉल बनविणाऱ्या कवकांच्या वार्ता इतक्या आल्या, आणि यूशी काहीही संबंध नसलेल्या झाडांतून आल्या, की हे द्रव्य बनविणे कवकसृष्टीतील एक सामान्य कला असावी असे वाटू लागले. एवढे असूनही व्यापारी उत्पादन एकाही कवकापासून सुरू झाले नाही.

संख्येने पुरावा बळकट होतो असे नाही. एकच चूक शंभर ठिकाणी होऊ शकते. टॅक्सॉल स्निग्ध पदार्थांत विरघळणारे आहे. सालीतून बाहेर आलेल्या कवकाच्या तंतूंबरोबर झाडाचे थोडे टॅक्सॉल सहज येते आणि नॅनोग्रॅमच्या मोजणीत तेवढेही दिसते. शिवाय ओळख पटविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांच्या चाचण्या जवळच्या इतर द्रव्यांनाही कधी कधी प्रतिसाद देतात. २०१३ मध्ये हायनिग, शोल्झ आणि येन्नेवाइन ह्या जर्मन संशोधकांनी यूमधील अनेक कवके, आणि त्यांबरोबर मूळचे टॅक्सोमायसिस अँड्रियानी, पुन्हा तपासली. यूमध्ये टॅक्सॉल बनण्यास एकामागून एक सुमारे वीस एंझाइमे लागतात. त्यांची जनुके त्यांना कवकांत सापडली नाहीत; एका कवकाचा संपूर्ण जनुकसंच वाचूनही सापडली नाहीत. स्वतंत्र निर्मितीचा पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. झाडाकडून कवकात जनुके कधीकाळी गेली असावीत, ही पूर्वी मांडलेली कल्पना आकर्षक असली, तरी तिला आधार मिळालेला नाही. दरम्यान टॅक्सॉलचा प्रश्न निराळ्याच मार्गाने सुटला : यूच्या पानांतील एका पूर्वद्रव्यापासून अर्धसंश्लेषण आणि पुढे यूच्या पेशींचे संवर्धन. झाडाला त्यासाठी मरावे लागत नाही.

कॅम्प्टोथेसिनची हकीकत इतकी सरळ नाही, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने ती अधिक जवळची आहे. वॉल आणि वाणी ह्यांना ते मिळाले चीनमधील कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा ह्या वृक्षात. त्याच्या चिनी नावाचा अर्थ 'आनंदवृक्ष' असा होतो. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन् ह्यांनी तेच द्रव्य सह्याद्रीतील एका झाडात असल्याचे दाखविले. त्या झाडाच्या दुर्गंधामुळे लॅटिनमध्ये त्याच्या जातीस फीटिडा म्हटले गेले आणि मराठीत नरक्या. (त्याचे आजचे शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना.) तेच रसायन एका देशात आनंदाच्या झाडात आणि दुसऱ्या देशात नरकाच्या झाडात मिळावे, हा भाषेचा विनोद आहे, नरक्याच्या वाट्याला त्यातून जे आले, ते मात्र विनोदाचे नाही. कॅम्प्टोथेसिनपासून केलेली टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन ही औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली आणि नरक्याच्या लाकडाला भाव आला. घाटमाथ्यावरील जंगलांत त्याची चोरटी तोड झाली. मुळासकट झाड उपटले की तेथे पुन्हा फूट येत नाही.

२००५ मध्ये जम्मू येथील संशोधकांनी नरक्याच्या आतील सालीतून मिळालेले एक कवक कॅम्प्टोथेसिन बनविते असे प्रसिद्ध केले. पुढे बंगळूर येथील आणि अन्य संशोधकांनीही अशी कवके मिळविली. ह्या वार्तांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते : कवक एका पोषक माध्यमावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर नेले की द्रव्याचे प्रमाण घटत जाते. ही घट पाहून दोन अर्थ संभवतात. एक, कवक मुळात काही बनवीतच नव्हते आणि सालीतून आलेला साठा विरत गेला. दोन, कवक बनवीत होते, परंतु झाडाकडून मिळणारे काहीतरी संपल्यावर त्याची कला थांबली.

जर्मनीतील डॉर्टमुंड येथे सौविक कुसारी आणि मिखाएल श्पिटेलर ह्यांनी आनंदवृक्षातील फ्युझेरियम सोलानी ह्या कवकावर केलेल्या कामाचा रोख दुसऱ्या अर्थाकडे आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे कॅम्प्टोथेसिनच्या निर्मितीतील सुरुवातीच्या काही पायऱ्यांची जनुके ह्या कवकात आहेत. मात्र मधली एक कळीची पायरी पार पाडणारे स्ट्रिक्टोसिडिन सिंथेज हे एंझाइम त्याच्यात नाही. ती पायरी झाडाच्या एंझाइमावर भागविली जाते, असे त्यांचे मत आहे. शिवाय कॅम्प्टोथेसिन ज्या एंझाइमास जखडून पेशी मारते, त्या टोपोआयसोमरेज १ ची ह्या कवकातील रचना अशा जागी बदललेली आढळली, की ते द्रव्य त्यास बाधू नये. विष बाळगणाऱ्याने आधी स्वतःचा बचाव केलेला असणे, हा निर्मितीचा पुरावा नव्हे. पण दीर्घ सहवासाचा आहे. झाडात राहणाऱ्या कोणत्याही कवकास तो बचाव करावाच लागला असता, हेही येथे विसरता येत नाही.

हा अर्थ बरोबर असेल, तर 'कॅम्प्टोथेसिन कोण बनवितो?' ह्या प्रश्नास एकवचनी उत्तर नाही. एका द्रव्याची काही वाक्ये झाड म्हणते, काही कवक, आणि मधले क्रियापद एकाकडूनच येते. परंतु ह्या निष्कर्षावर अजून पुष्कळ काम व्हावयाचे आहे. कुरणातील गवताच्या बाबतीत तीन स्वतंत्र गोष्टी जुळल्या होत्या : कवक काढले की द्रव्य गेले, परत घातले की आले, आणि जनुके कवकात मिळाली. पेरिग्लँडुलाच्या बाबतीत पहिली आणि तिसरी जुळली. २०११ मध्ये त्याचे वर्णन झाले तोवर ते वेलीपासून वेगळे वाढविता न आल्याने दुसरी पाहता आली नव्हती. टॅक्सॉलच्या बाबतीत एकही जुळली नाही. नरक्याच्या बाबतीत तर पहिलीच कसोटी अवघड आहे, कारण त्याच्यातील सर्व कवके काढून टाकलेले झाड मिळविणे सोपे नाही. तोपर्यंत 'नरक्यातील अमुक कवक कॅम्प्टोथेसिन बनविते' असे लिहिणाऱ्याने ते कितव्या संवर्धनात मोजले आणि शेवटच्या संवर्धनात किती उरले, हे दोन आकडे शेजारी शेजारी द्यावेत. अनेक वार्तांत केवळ पहिला आकडा असतो.

कुसारी ह्यांच्या प्रयोगातील कवक सातव्या पिढीपर्यंत आले, तेव्हा त्याच्या निर्मितीजनुकांत बिघाड झालेला आढळला. मग ते जिवंत आनंदवृक्षात पुन्हा घालण्यात आले. ते त्या झाडात व्यवस्थित वसले आणि वाढले. कॅम्प्टोथेसिन बनविण्याची शक्ती मात्र त्यास परत मिळाली नाही. त्या द्रव्याचा व्यापारी पुरवठा आजही मुख्यतः झाडांपासूनच होतो.